ड्रेक पॅसेजमधून अंटार्क्टिकाला जाताना बोट का लागते, आणि काय करता येतं

अंटार्क्टिकाची क्रूझ ठरवणाऱ्याचा पहिला प्रश्न पेंग्विनचा असतो आणि दुसरा ड्रेक पॅसेजचा. "तिथे म्हणे दहा-दहा मीटरच्या लाटा असतात?" असतात, कधीकधी. पण त्याच पाण्यात एखाद्या दिवशी चार मीटरच्या लाटांनी निम्मं जहाज अंथरुणाला खिळतं आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी सहा मीटरच्या लाटांत लोक निवांत सूप पीत बसतात. लाट किती उंच आहे, यापेक्षा ती किती सेकंदांनी येते आणि जहाजाच्या कुठल्या अंगाला लागते, हे प्रवाशाच्या पोटाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की कॅप्टन मध्येच वाट का वाकडी करतो, गोळी कधी घ्यायची, केबिन कुठली मागायची, या सगळ्याचा उलगडा होतो.

आधी जागा पाहू. दक्षिण अमेरिकेचं टोक म्हणजे केप हॉर्न, साधारण 56 अंश दक्षिण अक्षांशावर. तिथून खाली अंटार्क्टिकाकडची पहिली बेटं म्हणजे साउथ शेटलंड, 62 अंशांच्या आसपास. मधलं सुमारे 800 किलोमीटर रुंदीचं पाणी म्हणजे ड्रेक पॅसेज. बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटतात, त्यामुळे प्रत्यक्षात हजारेक किलोमीटर जावं लागतं आणि त्याला दीड ते दोन दिवस लागतात. नाव फ्रान्सिस ड्रेकचं असलं तरी तो ही वाट आरपार कधी गेला नाही. 1578 मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर वादळाने त्याचं जहाज दक्षिणेकडे ढकललं, एवढाच काय तो संबंध. केप हॉर्नला वळसा घालून पलीकडे गेले ते 1616 मध्ये स्खाउटन आणि ल मेर हे डच खलाशी.

अडवणारं कुणीच नाही

लाट मोठी व्हायला तीन गोष्टी लागतात: वारा जोरदार हवा, तो बराच वेळ वाहायला हवा आणि त्याच्यापुढे मोकळं पाणी लांबवर पसरलेलं हवं. पहिल्या दोन गोष्टी जगात पुष्कळ ठिकाणी जुळून येतात. तिसरी मात्र इथे जशी आहे तशी दुसरीकडे कुठेच नाही. पृथ्वीचा नकाशा वरून न बघता दक्षिण ध्रुवाच्या बाजूने बघा. 60 अंशांच्या वर्तुळाचा घेर सुमारे 20 हजार किलोमीटर आहे आणि त्या सबंध घेरात वाट अडवेल असा भूखंड नाही. आफ्रिका 35 अंशांच्या जवळ संपते, ऑस्ट्रेलियाही त्याच्या थोडं खाली संपतो. त्यामुळे पश्चिमेकडून येणारा वारा पृथ्वीला प्रदक्षिणा घालत राहतो. शाळेच्या भूगोलात 'गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ' असं पाठ केलेलं असतं, ते त्या-त्या अक्षांशांवरचे हेच वारे.

वाऱ्याबरोबर पाणीही फिरतं. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा प्रवाह ड्रेकमधून सेकंदाला 13 ते 17 कोटी घनमीटर पाणी वाहून नेतो. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात, त्याच्या शंभरपटीहून हे जास्त आहे. आणि या सगळ्या वाटेवरची सर्वांत अरुंद जागा म्हणजे ड्रेक. वर अँडीज, खाली अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे डोंगर, आणि मधल्या फटीतून वारा आणि पाणी दोन्ही घुसतात. त्यातून केप हॉर्नच्या दक्षिणेला समुद्राचा तळ तीन-चार हजार मीटर खोलीवरून एकदम काही शे मीटरपर्यंत वर येतो. खोल पाण्यातून आरामात आलेली लांब लाट इथे आखडते आणि उभी राहते. केप हॉर्नची वाईट ख्याती नुसत्या वाऱ्यामुळे नाही, या तळामुळेही आहे.

या पट्ट्याशी आपला संबंध पर्यटनाच्या कितीतरी आधीचा आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून 'पोलर सर्कल' या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी पोचली. ती मंडळी ड्रेकमधून गेली नाहीत. हिंदी महासागराच्या बाजूने चाळीस, पन्नास, साठ हे तिन्ही पट्टे त्यांनी उभे कापले, म्हणजे खवळलेल्या पाण्यातली वाट ड्रेकपेक्षा लांबच. (आता बरेच शास्त्रज्ञ केपटाऊनहून विमानाने जातात.) आणि केप हॉर्नच म्हणाल, तर कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा त्याला वळसा घातला होता. 17 मीटरच्या नौकेत. शंभर-सव्वाशे मीटरच्या, गरम पाण्याच्या शॉवरच्या जहाजात बसून कुरकुरताना ही आठवण बरी असते.

आता उंचीच्या आकड्याबद्दल. हवामानाच्या अंदाजात '5 मीटर लाटा' असं दिसतं, तेव्हा तो आकडा सगळ्या लाटांची सरासरी नसतो आणि कमाल उंचीही नसतो. लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे बऱ्याच लाटा त्याहून लहान असणार, आणि अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट असणार. 5 मीटरच्या अंदाजात 9 मीटरची एखादी लाट आली तर अंदाज चुकला असं नाही, हिशेबच तसा आहे. मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा उघडून लाल-जांभळे रंग बघत घाबरणाऱ्यांनी निदान त्याच नकाशातला दुसरा आकडा बघावा. त्याला पिरियड म्हणतात: एक माथा गेल्यापासून दुसरा येईपर्यंत किती सेकंद जातात तो.

एक लाट जहाजाखालून जाते तेव्हा

खोल पाण्यात 12 सेकंदांच्या लाटेची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, सुमारे 225 मीटर असते. आपलं जहाज तिच्या निम्मंच. त्यामुळे जहाज त्या लाटेवर चढतं, माथ्यावर क्षणभर रेंगाळतं आणि पलीकडे उतरतं. खिडकीतून आधी नुसतं आकाश दिसतं, मग नुसतं पाणी. दिसायला भीतिदायक, पण चाल संथ. उलट 7 सेकंदांची लाट जेमतेम 75 मीटर लांब असते. उंची तीच, 5 मीटर, पण उतार तिप्पट तीव्र. जहाज एका लाटेवरून खाली येईपर्यंत पुढचं टोक दुसरीत घुसतं, धडाम आवाज होतो, सगळं लोखंड थरथरतं. लांब लाट दूरच्या, कधी संपूनही गेलेल्या वादळाने पाठवलेली असते, तिला स्वेल म्हणतात. आखूड लाट डोक्यावरच्या वाऱ्याने आत्ता उठवलेली असते. दोन्ही वेगवेगळ्या दिशांनी एकदम आल्या की समुद्राला लय उरत नाही. बहुतेकांना बोट लागते ती अशा वेळी.

जहाज दक्षिणेला चाललेलं, वारा पश्चिमेचा. म्हणजे लाटा जाताना उजव्या कुशीवर आणि परतताना डाव्या कुशीवर आदळतात. कुशीवर लाट घेतली की जहाज या अंगावरून त्या अंगावर कलत राहतं. प्रत्येक जहाजाची अशी कलण्याची स्वतःची एक लय असते. लाटांची लय नेमकी तिच्याशी जुळली तर दर लाटेला कल वाढत जातो. कॅप्टनचं अर्धं काम हे जुळणं मोडायचं. म्हणून तो सरळ दक्षिणेला न जाता थोडं पश्चिमेकडे वळून लाटा पुढच्या खांद्यावर घेतो, मग वारा पडला की दिशा बदलतो. नकाशावर जहाजाची रेघ वाकडी दिसते ती यामुळे.

वेगाचाही यात हात असतो, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. समजा लाटा 10 सेकंदांच्या आहेत आणि जहाज 12 नॉट, म्हणजे ताशी 22 किलोमीटरने चाललंय. लाटा समोरून येत असतील तर जहाजाला त्या दर 7 सेकंदांनी भेटतात. त्याच लाटा मागून येत असतील तर दर 16-17 सेकंदांनी. समुद्र तोच, पण पोटाला दोन वेगळे समुद्र वाटतात. वेग कमी केला की समोरच्या लाटांची गाठ लांबते. म्हणूनच रात्री अचानक इंजिनाचा आवाज उतरला तर बिघाड झाला असं समजू नये.

जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर. जहाज कलू लागलं की ते आपला कोन बदलतात आणि पाण्याच्या दाबाने कल मोडतात. पण ते चालायला जहाजाला वेग हवा, आणि पुढे-मागे होणारी आपट ते थांबवू शकत नाहीत. बर्फात शिरताना ते आत ओढून घ्यावे लागतात. गंमत अशी की बर्फ फोडण्यासाठी सर्वांत दणकट असलेली जहाजं उघड्या समुद्रात सर्वांत जास्त डुलतात, कारण बर्फाच्या दाबातून निसटण्यासाठी त्यांचं पोट गोल केलेलं असतं. 2019 पासून उलट्या उताराच्या नाकाची जहाजंही या मार्गावर आली आहेत, 'ग्रेग मॉर्टिमर' हे त्यांतलं पहिलं. ते नाक लाटेवर आपटत नाही, तिला कापत जातं. धडाम कमी होतं. कुशीवरचं डुलणं मात्र त्याने फारसं सुटत नाही.

आणि उलटण्याचं काय? इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या, सगळं वजन तळाशी असतं. जहाज कललं की कललेल्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि तिथलं पाणी त्याला वर रेटतं. कपाटातले बूट जमिनीवर येतील एवढा कल प्रवाशाला प्रलयासारखा वाटतो, पण जहाजाच्या हिशेबात अजून पुष्कळ जागा शिल्लक असते. या भागात प्रवासी जहाज बुडाल्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण 'एक्सप्लोरर'चं. नोव्हेंबर 2007 मध्ये ते साउथ शेटलंडजवळ बुडालं ते बर्फाला धडकून, लाटांमुळे नाही. आणि त्यातले 154 जण सुखरूप बाहेर आले. लाटेने जीव गेल्याची घटनाही आहे. 2022 च्या नोव्हेंबरअखेर उशुआयाकडे परतणाऱ्या एका जहाजाच्या काही केबिनच्या काचा मोठ्या लाटेने फुटल्या आणि एक प्रवासी दगावली. तेव्हा धोका शून्य आहे असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. पण रोजचा धोका याहून फार साधा आहे: पडणं. मनगट मोडणं, दाराच्या फटीत बोटं चेंगरणं. जवळचं मोठं इस्पितळ समुद्रापलीकडे असताना मोडलेलं हाड ही छोटी गोष्ट राहत नाही. एक हात कायम कठड्यावर ठेवा, दाराच्या कडेला कधीच हात लावू नका, आणि अंघोळ एक दिवस राहिली तर काही बिघडत नाही.

कान आणि डोळ्यांचं भांडण

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं वळल्याचं ओळखतात. त्यांच्या शेजारी कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या असतात, त्या वर-खाली आणि पुढे-मागे ढकललं गेल्याचं ओळखतात. केबिनमध्ये बसलं की कान ओरडून सांगतो, आपण वर चाललो, खाली चाललो. डोळ्यांना मात्र भिंत, पलंग, टेबल सगळं जागच्या जागी दिसतं, कारण तेही आपल्याबरोबरच हलतंय. मेंदूकडे दोन साक्षीदार, दोन जबान्या. या गोंधळातून मळमळ सुरू होते. आतल्या कानाचं हे काम जन्मतःच बंद असलेल्या लोकांना बोट लागत नाही, हे एकोणिसाव्या शतकातच दिसून आलं होतं. म्हणजे दोष पोटाचा नसतो. पोट फक्त शिक्षा भोगतं.

प्रयोगांत असंही आढळलं की सर्वांत जास्त मळमळ होते ती दर पाच-सहा सेकंदांनी एकदा वर-खाली होण्याने. त्याहून जलद किंवा बरंच संथ हलणं शरीर जास्त सोसतं. मघाचा 7 सेकंदांचा आणि 16 सेकंदांचा हिशेब आता परत बघा.

केबिनचंही यातूनच ठरतं. जहाज पुढे-मागे झुलतं तेव्हा मधला भाग कमीत कमी हलतो आणि टोकं सर्वांत जास्त. घाटातल्या एसटीत मागच्या सीटवर बसलेल्यांना हे समजावून सांगायला नको. वरच्या मजल्यावरची, बाल्कनीची, पुढच्या टोकाची महागडी केबिन ड्रेकमध्ये सर्वांत वाईट. खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली, गोल खिडकीची स्वस्त केबिन सर्वांत चांगली. पैसे वाचवून सुख मिळण्याचे प्रसंग प्रवासात कमी येतात, हा त्यांतला एक.

गोळ्यांचं मुख्य सूत्र म्हणजे वेळ. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा वायाच जाते, कारण तोवर जठराने काम थांबवलेलं असतं. उशुआयाहून जहाज संध्याकाळी निघतं तेव्हा पुढचे कित्येक तास बीगल चॅनेलचं पाणी शांत असतं. दोन्ही बाजूंना डोंगर, पहिल्या रात्रीचं जेवण झकास, सगळे खुशीत. चॅनेलमधून जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक पायलट रात्री उतरून जातो आणि त्यानंतर जहाज उघड्या समुद्रात येतं, साधारण सगळे झोपलेले असताना. गोळीची वेळ त्या जेवणाची, दुसऱ्या दिवशी सकाळची नाही. आपल्याकडे घाटासाठी घेतात ती अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथॅझिन इथेही चालते, पण झोप भरपूर आणते. मेक्लिझिनने झोप त्या मानाने कमी येते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तीन दिवस टिकते, मात्र ती काही तास आधी लावावी लागते. तोंड कोरडं पडतं, जवळचं धूसर दिसतं, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. पट्टीला लागलेलं बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन भलताच गोंधळ उडतो, म्हणून हात धुवा. कुठलंही औषध घरी एकदा घेऊन बघावं, म्हणजे कितपत गुंगी येते ते कळतं.

आलेपाक न्यायला हरकत नाही. आल्याचा उपयोग काहींना होतो, काहींना होत नाही. निदान चव तरी ओळखीची. मळमळीवर म्हणून मनगटाला बांधतात त्या दाबाच्या पट्ट्यांबद्दल माझं मत प्रतिकूल आहे: पुरावा फारसा नाही. उपाशी राहणं ही मात्र हमखास चूक. थोडं कोरडं, दर दोन-तीन तासांनी; बिस्किट, खाकरा, कुरमुरे. क्षितिज दिसत असेल तर त्याच्याकडे बघत बसा, कारण तेवढ्या वेळेपुरती कान आणि डोळ्यांची साक्ष जुळते. क्षितिज दिसत नसेल तर सरळ आडवं व्हा आणि डोळे मिटा, म्हणजे एक साक्षीदार कमी होतो. सर्वांत वाईट म्हणजे केबिनमध्ये बसून मोबाइलवर वाचणं. लहान मुलांना, अर्धशिशी असलेल्यांना आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना बोट जास्त लागते. साठीच्या पुढच्यांना त्या मानाने कमी, त्यामुळे जहाजावर आजीबाई नाश्ता करतायत आणि व्यायामपटू नातू झोपलाय, हे दृश्य अगदी नेहमीचं.

त्या दोन दिवसांत जहाजावर

समुद्र वाढणार असेल तर ते कर्मचाऱ्यांच्या हालचालींवरून आधीच कळतं. मार्गिकांच्या कठड्यांत थोड्या थोड्या अंतरावर कागदी पिशव्या खोचल्या जातात. जेवणघरात टेबलांवरची कापडं ओली केली जातात, कारण ओल्या कापडावर ताट घसरत नाही. खुर्च्या जमिनीला साखळीने अडकवतात. बाहेरचे डेक बंद, खालच्या खिडक्यांवर लोखंडी झाकणं. मग एखादी मोठी लाट येते आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा एक लांबलचक आवाज येतो, त्यावर सगळं जेवणघर हसतं. निम्मी टेबलं रिकामी असतात. रात्री पलंगावरून घरंगळू नये म्हणून गादीच्या बाहेरच्या कडेखाली जादा पांघरूण खुपसून ठेवा; गादी भिंतीकडे उतरती झाली की झोप लागते.

याच काळात प्रत्येकाला आपले जॅकेट, बॅगा आणि बूट घेऊन एका खोलीत बोलावलं जातं. तिथे व्हॅक्यूम क्लीनरने खिसे आणि व्हेल्क्रोच्या पट्ट्या साफ करतात, चिमट्याने गवताचं एकेक कुसळ काढतात. बाहेरचं बी अंटार्क्टिकात जाऊ नये म्हणून हा खटाटोप. जहाज डुलत असताना बुटाच्या तळव्यातली माती टोकरत बसणं हे काही सुखाचं काम नाही, पण ते टाळता येत नाही.

कंपनी आणि कॅप्टन हवामान बघून निघण्याची वेळही पुढे-मागे करतात. या भागात कमी दाबाची क्षेत्रं दर काही दिवसांनी पश्चिमेकडून पूर्वेकडे एकामागून एक सरकत असतात आणि दोघांच्या मध्ये उघडीप असते. ती सापडली तर समुद्र इतका सपाट की खलाशी त्याला 'ड्रेक लेक' म्हणतात. न सापडली तर 'ड्रेक शेक'. म्हणून परतताना अंटार्क्टिकातला शेवटचा अर्धा दिवस रद्द झाला तर कॅप्टनशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो अर्धा दिवस देऊन त्याने उघडीप विकत घेतलेली असते.

दुसऱ्या दिवशी केव्हातरी हवा एकदम गार होते, पुष्कळदा धुकंही पडतं. उत्तरेचं जरा उबदार पाणी आणि दक्षिणेचं थंड पाणी जिथे भेटतं ती ही सीमा. समुद्राचं तापमान थोड्या अंतरात काही अंशांनी उतरतं. अल्बाट्रॉस तोवर दीड दिवस जहाजामागे असतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या जातीच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत जातो आणि पंख न हलवता ते लाटेवरच्या वाऱ्यातून शक्ती काढत तासन्‌तास उडतात. ज्या वाऱ्याने आपण आडवे झालो, त्याच वाऱ्यावर त्यांचं पोट भरतं. वारा पडला की त्यांना पाण्यावर बसून राहावं लागतं.

ड्रेक अजिबात नको असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून साउथ शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटावर विमानाने जाऊन तिथे जहाजात चढायची सोय आहे. उड्डाण सुमारे दोन तासांचं, दर चढा, आणि ढग खाली आले की विमान उडत नाही, मग हॉटेलात वाट बघत बसायचं. बोट फार लागणाऱ्यांसाठी किंवा रजा कमी असणाऱ्यांसाठी ठीक. बाकीच्यांनी दोन दिवस समुद्राला द्यावेत असं मला वाटतं. पश्चिमेकडून एकामागून एक येणाऱ्या त्या लाटा बघितल्याशिवाय खालचा खंड इतका एकटा का पडला आहे, ते नीट समजत नाही.

परतीची एक गोष्ट लोक विसरतात. शरीराला समुद्राची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, पण अंटार्क्टिकातल्या खाड्या शांत असतात, त्यामुळे मिळवलेली सवय तिथे निघून जाते. परत ड्रेकमध्ये शिरण्याच्या आधी गोळी पुन्हा घ्यावी लागते, पहिल्यासारखीच वेळेवर. उशुआयाच्या धक्क्यावर उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटेल, हॉटेलच्या बाथरूममध्ये भिंत धरावीशी वाटेल. ते एक-दोन दिवसांत थांबतं. आठवड्यांनंतरही चालू राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं.